अडतं कुठे

पन्नाशीला टेकलेल्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तर थोरलीने काय करावं, हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. पंचविशीत झालं तर निदान रडायची तरी सोय असते. गळ्यात पडायचं, डोळे पुसायचे, मोकळं व्हायचं. एकोणपन्नासाव्या वर्षी झालं की रडणारी बहीण वाईट दिसते. लोक म्हणतात, ‘अगं बाई, किती छान!’ आणि तुम्हालाही म्हणावं लागतं, ‘छानच की!’ आमच्या बाई, म्हणजे यातली थोरली, म्हणाल्या. लग्ननोंदणीच्या कचेरीत साक्षीदाराची पहिली सही त्यांनीच ठोकली, फोटोत सगळ्यात मोठं हसू त्यांचंच, आणि घरी आल्यावर त्यांनी सवयीने दोघींचा चहा टाकला. एक कप ओतून द्यावा लागला.

तेवीस वर्षं दोघी एका घरात राहिल्या होत्या. दोन खोल्या, एक गॅलरी, एक कपाट. भांडणं म्हणाल तर रोजची. पंखा तीनवर की चारवर, खिडकी उघडी की बंद, आणि माझी कात्री कुठे ठेवलीस. बाई हायस्कूलमध्ये शिकवायच्या, धाकटी विम्याच्या कचेरीत होती. मग धाकटीची दाढ दुखायला लागली. ‘दाढ काढायला गेली आणि नवरा घेऊन आली,’ असं बाई सगळ्यांना सांगायच्या, आणि सगळे पोट धरून हसायचे. दातांचे डॉक्टर विधुर होते, सज्जन होते, आणि गोड बोलायचे. नाव ठेवायला जागा नाही. बाईंनी शोधून पाहिली होती.

धाकटीने आधी दोनदा नाही म्हटलं होतं. एकदा तिशीत, आई अंथरुणाला खिळली होती म्हणून. एकदा चाळिशीच्या अलीकडे, खुद्द बाईंचं ऑपरेशन होतं म्हणून. तिसऱ्यांदा ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, ‘ताई, खरं सांग. तू राहशील ना एकटी? जमणार नसेल तर मी आत्ता नाही म्हणून कळवते. मला काही फरक पडत नाही.’ कानांच्या पाळ्या लालबुंद. ती खोटं बोलली की कान लाल होतात, लहानपणापासून.

‘मला काय धाड भरलीय?’ बाई म्हणाल्या. ‘उलट पंखा तीनवर लावून झोपेन सुखाने.’

झालं. एवढ्या एका वाक्यावर धाकटी गेली. आणि त्या दिवसापासून बाईंना एकच काळजी: हे वाक्य खोटं आहे हे तिला कळता कामा नये. कळलं की ती बॅग भरून दारात उभी राहील, याची त्यांना खात्री होती. ती तशीच आहे, वेडी. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही केलंय तिने, आणि ते आपल्यापायी मोडायचं? नाव नको.

रोज संध्याकाळी सातला फोन यायचा.

‘ताई, कशी आहेस?’

‘मजेत. शेजारच्या वहिनी आल्या होत्या. पत्ते खेळलो.’ वहिनी जुलै महिन्यातच घर बदलून गेल्या होत्या. ‘तू?’

‘आम्ही तळ्यावर फिरायला गेलो होतो. काय वारा होता गं!’

‘जेवा वेळेवर.’

‘हो, तूपण.’

फोन ठेवला की बाई गॅसवरचं पातेलं उघडून बघायच्या. माप हाताला बसलेलं असतं हो. भात दोघींचाच व्हायचा. उरलेला दुसऱ्या दिवशी डब्यात यायचा आणि अर्धा तसाच परत जायचा.

आता बाईंच्या शिकवण्याचं सांगायला हवं, कारण घोटाळा तिथूनच झाला. बाई मुळात चित्रकलेच्या. सहा वर्षांपूर्वी शाळेने चित्रकलेची खोली रिकामी केली, तिथे वीस कम्प्युटर आणून मांडले आणि विषयाचं नाव झालं डिजिटल मीडिया आणि डिझाइन. बाईंना सांगण्यात आलं, शिका किंवा ग्रंथालयात जा. बाईंनी दात-ओठ खाल्ले आणि शिकल्या. माउस हातात धरून पहिले पंधरा दिवस त्या त्या यंत्राला जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण वडील छापखान्यात होते. अक्षर, कागद, कडेची मोकळी जागा हे सगळं बाईंच्या रक्तातच. पोरं पडद्यावर कोपरान्‌कोपरा रंगाने भरायची आणि बाई मागून ओरडायच्या, ‘मार्जिन सोडा रे, मार्जिन! श्वास घेऊ द्या त्याला!’ त्यावरून त्यांचं नाव पडलं होतं मार्जिनबाई. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

नववीला वर्षाच्या शेवटी एक प्रकल्प असे. तिघातिघांचा गट करायचा, एक खरा माणूस शोधायचा, त्याची अडचण समजून घ्यायची आणि त्याच्यासाठी मोबाइलवरचं अ‍ॅप आखायचं. खरं चालणारं नाही, नुसते पडदे. पण बटण दाबलं की पुढचा पडदा यायला हवा. बाईंचे नियम कडक होते. पहिला: माणूस खरा पाहिजे, मनात आलं म्हणून उभा केलेला नको. दुसरा: त्याचं नाव कोणालाही सांगायचं नाही. ‘मलाही नाही,’ बाई म्हणायच्या. ‘माणूस तुमच्याशी मनातलं बोलला, ते गावभर करायचं नसतं.’ मग त्या माणसाचा एक तक्ता करायचा, चार रकान्यांचा. कोण आहे. दिवसभर काय करतो. अडतं कुठे. हवं काय.

तिसरा नियम चाचणीचा, आणि पोरांना तो सगळ्यात जड जायचा. अ‍ॅप तयार झालं की कोणालातरी खुर्चीत बसवून ते वापरायला द्यायचं. वापरणाऱ्याने मनात येईल ते सगळं मोठ्याने बोलत राहायचं, आणि करणाऱ्यांनी तोंडाला कुलूप लावून नुसतं लिहून घ्यायचं. मदत करायची नाही, समजावायचं नाही, हसायचं नाही. ‘तुमचं काम कुठे फसलंय ते तुम्ही बोलत असताना कधीच कळणार नाही,’ बाई सांगायच्या. स्वतःही पाळायच्या. चाचणी चालू असली की बाई भिंतीला टेकून, हाताची घडी घालून गप्प.

त्या वर्षी तारवालीच्या गटाने तक्ता आणला. दातांना तारा लावलेली मुलगी, म्हणून तारवाली. बोलायला कमी, डोळे भिरभिरते. बरोबर दोन मैत्रिणी होत्या, पण लिहिण्या-काढण्याचं सगळं हिचंच. बाईंनी चष्मा लावला आणि वाचायला लागल्या.

माणसाला नाव दिलं होतं ‘मावशी’. वय पन्नाशीच्या आसपास. मग दिवसभराचा रकाना. स्वयंपाक दोघांचा करते, एकाचं उरतं. कामाच्या जागेवरून निघताना एकेक दिवा, एकेक यंत्र हाताने बंद करते. मेन स्विच कधीच नाही. रोज एक छोटं काम मुद्दाम उद्यावर ठेवते. यंत्रांशी बोलते.

बाईंनी तो रकाना पुन्हा एकदा वाचला.

कारण रोज पाच वाजता पोरं गेली की वीसच्या वीस कम्प्युटर त्या एकेक करून बंद करायच्या. वडिलांची शिस्त; छापखान्यातून निघताना वडील असेच सगळी यंत्रं हात लावून बघून यायचे. उद्यासाठी एक काम टेबलावर ठेवायचं, हेही त्यांचंच. म्हणायचे, म्हणजे सकाळी यायला कारण राहतं. आणि यंत्रांशी बोलणं! प्रिंटरला बाई ‘चल राजा, दे बघू’ म्हणायच्या हे सगळ्या वर्गाने ऐकलेलं.

पुढे ‘अडतं कुठे’चा रकाना. तिथे दोनच ओळी. ‘संध्याकाळी पाच ते नऊ काय करायचं ते तिला कळत नाही.’ आणि खाली: ‘घरच्यांना रोज फोनवर सांगते की सगळं मजेत आहे. ते खरं नाही.’

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते बाईंना त्या क्षणी कळलं. हिने ऐकलं! कधीतरी सातचा फोन शाळेत असतानाच आला असेल, स्नेहसंमेलनाच्या तयारीत वगैरे, आणि ही कार्टी दाराशी उभी असेल. आपल्यालाच धरून आपल्याच तक्त्यात बसवलंय, आणि मार्कही आपणच द्यायचे!

‘ही कोण?’ बाईंनी विचारलं. आवाज शक्य तितका साधा.

तारवाली खाली बघत म्हणाली, ‘बाई, तुम्हीच सांगितलंय ना, नाव सांगायचं नाही.’

‘खरी आहे?’

‘खरी आहे.’

‘तिला माहितीय, तुम्ही हे लिहिलंय?’

मुलीने जरा विचार केला. ‘सगळं नाही. शेवटची ओळ तिने सांगितली नव्हती. आम्हाला कळली.’

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग विषय बदलायला लावून पाहिला: कुंड्यांना पाणी घालायची आठवण करून देणारं अ‍ॅप करा, बसचं वेळापत्रक करा, काय वाईट आहे? शेवटी तारवाली म्हणाली, ‘खऱ्या माणसापासून हलायचं नाही, असं तुम्ही म्हणालात.’ स्वतःच्या नियमांनी असं कोंडीत धरलेली बाई तुम्ही पाहिली नसेल.

त्यातून मुख्याध्यापिकाबाईंनी तो तक्ता पाहिला आणि त्या हरखल्या. ‘हा प्रदर्शनात पहिल्या टेबलावर हवा! मोठा छापून मागे लावा!’ प्रदर्शन महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, सकाळी, शाळेच्या हॉलमध्ये. पालक येतात. आणि दरवर्षी धाकटी येते. एकही वर्ष चुकलेलं नाही. बाईंच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं: धाकटी त्या तक्त्यासमोर उभी आहे, एकेक ओळ वाचतेय. तिला काय ओळखायला वेळ लागणार? दिवे कोण कसं बंद करतं हे जगात एक तिलाच माहीत.

मग बाईंनी जे केलं ते त्यांना शोभणारं नव्हतं. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी शिक्षकांच्या पासवर्डने तारवालीच्या गटाची फाइल उघडली आणि ‘अडतं कुठे’मधली ती शेवटची ओळ उडवली. एक ओळ हो. तेवढ्याने जीव भांड्यात पडला. बाकीचं काय, हसण्यावारी नेता येईल.

दुसऱ्या दिवशी तारवाली टेबलापाशी आली. ‘बाई, तुमच्याकडून चुकून आमची एक ओळ उडाली होती. मी परत आणली.’

‘माझ्याकडून?’

‘फाइलच्या इतिहासात दिसतं ना, बाई. कोणी बदललं, किती वाजता.’ मुलगी अगदी आदराने बोलत होती, हेच वाईट. ‘पाच वाजून चाळीस मिनिटांनी. तुमचं नाव आहे.’

हा इतिहास कसा उघडायचा ते बाईंनीच त्यांना जूनमध्ये शिकवलं होतं. चांगला पूर्ण तास घेऊन. ‘बरं झालं आणलीस,’ असं काहीतरी बाई पुटपुटल्या आणि उगाच ड्रॉवर उघडून त्यात डोकं घातलं. त्यानंतर त्या गटाच्या कामाकडे त्यांनी बघणंच सोडलं. पडदे कसे झाले, बटणं कुठे ठेवली, काही नाही. दुसऱ्या गटांच्या टेबलांवरून फिरायच्या आणि तिथे आल्या की वळायच्या.

एकच वाट उरली होती. त्या संध्याकाळी सातच्या फोनवर बाई म्हणाल्या, ‘या वर्षी प्रदर्शनाला येऊ नकोस हं. काही विशेष नाहीये. पोरांनी नुसत्या पाट्या टाकल्यात.’

‘बरं बरं, नाही येत,’ धाकटी म्हणाली. लगेच. श्वाससुद्धा न घेता. ‘आम्हालापण जमणारच नव्हतं गं.’

बाईंनी फोन ठेवला. हवं होतं तेच मिळालं, तरी रडू आलं. चांगलं हमसून आलं. का नाही येणार? थोडं तरी ‘असं काय गं ताई’ म्हणायचं. थोडा हट्ट करायचा. इतकी का ही रमली तिकडे, की नको म्हटलं आणि हिला सुटल्यासारखं झालं? रमायलाच तर पाठवली होती. तरीपण. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, आणि जेवल्या नाहीत हे कोणाला कळलंही नाही.

शनिवारी हॉल गजबजला. बारा टेबलं, बारा खुर्च्या, प्रत्येक टेबलावर एक टॅब आणि मागे तक्ता. पालक खुर्चीत बसून मोठ्याने बोलत होते, ‘हे लाल बटण कशाला?’ ‘मी आता कुठे आलो?’, आणि पोरं ओठ आवळून लिहून घेत होती. पहिल्या टेबलामागे ‘मावशी’ दारातूनच दिसत होती, माणसाच्या उंचीची. बाई तिच्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

आणि अकराच्या सुमाराला दारातून आवाज आला, ‘ताई! बघा कोणाला आणलंय!’

डॉक्टर. अंगात इस्त्रीचा शर्ट, चेहरा फुललेला, आणि पुढे खांद्याला धरून ढकलत आणलेली धाकटी.

‘अगं, तू?’

‘हेच ओढून घेऊन आले,’ धाकटी म्हणाली. तिचे कान लाल नव्हते, तोंडच उतरलं होतं. बारीक झाली होती.

‘शनिवार असून दवाखाना बंद ठेवलाय, पहिल्यांदा! एरवी रोज रात्री नऊपर्यंत तिथेच, जेवणसुद्धा.’ डॉक्टर म्हणाले. ‘आमच्या एका छोट्या पेशंटने आमंत्रण दिलं. आणि ही म्हणते नको, डोकं दुखतंय. म्हटलं ताईंच्या शाळेत जायचं आणि डोकं दुखतंय?’

बाईंनी धाकटीचा दंड धरला आणि तिला उलट्या दिशेला न्यायला लागल्या. ‘चल, तो मांजराचा खेळ बघ, भारी केलाय.’ आणि आश्चर्य म्हणजे धाकटीही लगबगीने चालली, पहिल्या टेबलाकडे न बघता. पण डॉक्टर तिकडेच गेले होते. ‘ही बघा आमची पेशंट! काय गं, तारा टोचत नाहीत ना आता?’ मग धाकटीला हाक, ‘ये गं इकडे, ओळखलंस का हिला?’

आता न जाऊन चालणार नव्हतं.

तारवालीने धाकटीला पाहिलं आणि ती पांढरीफटक पडली. बाईंनी ते पाहिलं, पण त्यांचं लक्ष धाकटीवर होतं. धाकटी तक्ता वाचत होती. पहिला रकाना, दुसरा. हळूहळू तिच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या. ओळखलं, बाईंनी मनात म्हटलं. ओळखलं मला. संपलं. त्यांनी उत्तर जुळवून ठेवलं होतं, ‘पोरं काय, काहीही लिहितात’, पण ते द्यायला वेळच मिळाला नाही.

‘बस ना,’ डॉक्टर धाकटीला म्हणाले. ‘तुला मोबाइलचं चांगलं कळतं. बघू तरी काय केलंय.’

‘तिला नको, तिचं डोकं दुखतंय,’ बाई म्हणाल्या.

‘हो, मला नको,’ धाकटी म्हणाली.

पण मागे दोन पालक येऊन उभे राहिले होते, डॉक्टरांनी खुर्ची ओढली होती, आणि माणूस अशा वेळी बसतो. धाकटी बसली. तारवाली बारीक आवाजात म्हणाली, ‘मनात येईल ते मोठ्याने बोलायचं. आम्ही काही बोलणार नाही.’ तिने पेन्सिल उचलली. बाई खुर्चीच्या मागे उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून, सवयीने.

‘अ‍ॅपचं नाव आहे मजेत,’ धाकटीने वाचलं. ‘दोन बटणं आहेत. घरच्यांना सांगायचं ते. आणि दुसरं, खरं.’ ती थांबली. ‘मी पहिलं दाबते.’

पडद्यावर तयार वाक्यांची यादी आली. डॉक्टर वाकून बघत हसले. ‘हुशार आहेत हो पोरी!’

‘मी मजेत आहे,’ धाकटी वाचत होती. ‘पोटभर जेवले. आम्ही तळ्यावर फिरायला गेलो होतो.’

बाईंना वाटलं आपलं काहीतरी चुकतंय. तळं? आपण कधी कोणाला तळ्याचं सांगितलं नाही. दोघींत तळ्यावर जाणारी एकच. त्यांनी पुन्हा तक्त्याकडे बघितलं. स्वयंपाक दोघांचा करते. एकेक दिवा बंद करते. काम उद्यावर ठेवते. यंत्रांशी बोलते. वडील काही एकट्या थोरलीचेच नव्हते. आणि लग्नानंतर विम्याची नोकरी सोडून पाचपर्यंत दवाखान्याच्या काउंटरवर कोण बसतं? तिथे येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड उघडं असतं आणि बोलत कोणीच नाही. एक ही तारांची मुलगी बोलली असेल, महिन्यातून एकदा, वही घेऊन.

‘आता मी मागे आले,’ धाकटी म्हणाली. आवाज वेगळा झाला होता. ‘दुसरं बटण दाबते. इथे विचारलंय, कोणाला सांगायचंय. पुढे जागा रिकामी आहे. नाव लिहायचंय.’ बोट टॅबवर तसंच राहिलं. ‘मी ताईचं लिहिलं असतं. पण तिला नको. इतकी वर्षं माझ्यापायी अडकून पडली होती ती. आत्ता कुठे छान चाललंय तिचं. वहिनी येतात, पत्ते खेळतात. तिला कशाला माझं.’

डॉक्टर हसायचे थांबले होते.

दहा महिने. दहा महिने बाई जे गिळत आल्या होत्या ते एकाच गोष्टीवर: निदान ती तरी सुखात आहे. आपण एकट्या आहोत ते कोणाच्या तरी कामी येतंय. आता कळलं, कोणाच्याच नाही. राग आला, भयंकर राग, स्वतःचा, हिचा, त्या बिचाऱ्या डॉक्टरांचा, आणि त्या रागातच त्यांनी स्वतःचा नियम मोडला.

‘वहिनी जुलैमध्येच घर सोडून गेल्या,’ बाई म्हणाल्या.

‘बाई, आपण बोलायचं नाही,’ तारवालीच्या तोंडून निघून गेलं.

धाकटीने मागे वळून पाहिलं नाही. ‘मग पत्ते कोणाशी खेळतेस?’

‘तू तळ्यावर जातेस ना, तसेच खेळते.’

‘कुठलं तळं?’ डॉक्टरांनी विचारलं.

मग धाकटी वळली. डोळे भरलेले, आणि तोंडावर तो चेहरा, बॅग भरायला निघालेल्या बाईचा. ‘ताई, मी घरी येऊ?’

ये, असं बाईंच्या अगदी ओठावर आलं. आत्ता चल, असं. पंखा चारवर लाव, खिडकी उघड, काय वाटेल ते कर. पण त्यांना डॉक्टर दिसत होते. शर्टाची बाही उगाच नीट करत उभा असलेला साठीचा माणूस, ज्याला आपल्या घरात काय चाललंय ते आत्ता एका शाळेच्या टेबलावर कळत होतं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. या घराण्यातल्या बायका सांगतच नाहीत.

‘त्या जागेत माझं नाव नको लिहूस,’ बाई म्हणाल्या. ‘यांचं लिही. या पोरीला सांगितलंस ते सगळं यांना सांग. आजच सांग.’

‘आणि तू?’

‘ते माझं मी बघते. आणि उगाच मजेत म्हणणार नाही, हे मात्र खरं.’

डॉक्टरांनी धाकटीला हात देऊन उठवलं. दोघं बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. हॉलच्या खिडकीतून दिसत होतं: आधी दोघंही समोर बघत होती, मग धाकटी बोलायला लागली, थांबेचना, आणि डॉक्टर मान हलवत ऐकत होते. बाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग मांजराच्या टेबलावरून हाका आल्या म्हणून तिकडे गेल्या. सगळ्या टेबलांवर फिरल्या. एका पोराला मार्जिनवरून झापलंही.

हॉल रिकामा व्हायला लागला तेव्हा त्या पहिल्या टेबलापाशी परत आल्या. व्हरांड्यातला बाक मोकळा होता. तारवाली वही उघडून उभी होती.

‘बाई,’ ती चाचरत म्हणाली, ‘मी नाव सांगितलं नव्हतं. खरंच.’

‘माहितीय मला. नीट केलंयस काम.’

‘आमची एक चाचणी कमी पडतेय. पाच लागतात, चारच झाल्या.’ मुलीने खुर्चीकडे पाहिलं. ‘तुम्ही बसाल?’

बाई बसल्या. पाय दुखत होते, म्हणून असेल. टॅब पुढे ओढला आणि नियमाप्रमाणे मोठ्याने बोलायला लागल्या. ‘दोन बटणं आहेत. अक्षर जरा मोठं हवं होतं. मी दुसरं दाबते, खरं.’ पडदा बदलला. ‘कोणाला सांगायचंय, असं विचारलंय.’

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. तारवाली थांबली होती. मग बाई म्हणाल्या, ‘इथे कोणाचं नाव लिहू, मला सुचत नाहीये.’

तारवालीने ओठ आवळले, काही बोलली नाही, आणि ते जसंच्या तसं लिहून घेतलं.